समुपदेशन केंद्राचा अनुभव: मुलांसाठी उत्तम, सासऱ्यांसाठी अपुरा

अपघातानंतर तीन महिन्यांनी आम्ही चौघं या केंद्रात जायला लागलो. हाडं तोवर जुळली होती, घर मात्र ताळ्यावर आलं नव्हतं. ५ वर्षांचा धाकटा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता. दिवसभर दोन खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर आपटायचा, दर वेळी अगदी तशाच. बघवेना म्हणून मी त्या लपवून ठेवल्या होत्या.

समुपदेशक ताईंनी पहिल्याच भेटीत त्या परत द्यायला लावल्या. एवढ्या लहान मुलाला जे सांगता येत नाही ते तो खेळून दाखवतो, म्हणाल्या. ६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मानसिक आघाताच्या निदानाचे वेगळे निकष अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये छापले, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्या त्याच्याशेजारी जमिनीवर बसायच्या, घाई करायच्या नाहीत. बऱ्याच आठवड्यांनी त्याच्या खेळात पहिल्यांदा रुग्णवाहिका आली, आणि ती वेळेवर पोचली. मला बाहेर येऊन रडू आलं.

१५ वर्षांच्या लेकीचं सगळं उलट. रडणं नाही, बोलणं नाही, नुसती चिडचिड आणि लावलेलं दार. आतलं काय आतच राहील आणि जिवाला धोका वाटला तरच आईला काय सांगितलं जाईल, हे त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून आधीच स्पष्ट केलं. त्यामुळे ती बोलली. तिने घडलेलं सगळं क्रमाने लिहून काढलं आणि शेवटच्या सेशनला मला वाचून दाखवलं. ‘मी निघायला उशीर केला म्हणून झालं’ हे वाक्य ती इतके दिवस एकटीच वागवत होती.

गाडी मी चालवत होते. माझं समुपदेशन अजून चालू आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

तक्रार आहे ती बाबांच्या बाबतीत. माझ्या ७४ वर्षांच्या सासऱ्यांना आघाताच्या लक्षणांबद्दल २० प्रश्नांचा फॉर्म दिला, प्रत्येकाला ० ते ४ गुण, शून्य म्हणजे त्रास नाही. त्यांनी सगळीकडे शून्य लिहिलं. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, एवढंच म्हणाले. हृदयाच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या, काही निघालं नव्हतं. तरी वयाचा त्रास म्हणून तीन भेटींत त्यांना मोकळं केलं. पूर्वी काही घडलं होतं का, हे कुणी विचारलंच नाही. १९ व्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली गेला होता. नोकरी आणि संसाराच्या धबडग्यात दबलेलं असं काही म्हातारपणी नव्या धक्क्याने उसळून वर येऊ शकतं. केंद्राला हे ठाऊक असायलाच हवं होतं.

मी लेखी कळवल्यावर त्यांनी दुसऱ्या ताई दिल्या, आणि त्या चांगल्या आहेत. घरच्या ज्येष्ठांना नेणार असाल तर त्यांचं मागचं आयुष्य पहिल्याच भेटीत तुम्ही स्वतः सांगा, फॉर्मवर सोडू नका.