दोन देशांतला पर्यावरण कायद्याचा एलएलएम: मराठवाड्यातल्या वकिलाला किती कामाचा?

पर्यावरण कायदा आणि न्याय या विषयाचा, निम्मा एका देशात आणि निम्मा दुसऱ्या देशात करायचा एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, पैसा आणि वेळ घालण्याजोगा आहे का? संभाजीनगर खंडपीठात किंवा पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात उभं राहायचं असेल तर आहे. प्राध्यापक व्हायचं असेल तर आधी खाली समकक्षतेबद्दल लिहिलंय ते वाचा. बायोडेटात नुसतं परदेशाचं नाव हवं असेल तर एवढी यातायात करू नये. इथे ब्रिटन आणि जर्मनी ही जोडी धरली आहे. उप्साला, योएन्सू आणि ट्रोम्सो इथली विद्यापीठं मिळून चालवतात तो नॉर्डिक अभ्यासक्रमही याच जातीचा, फक्त तिथे देश तीन.

खरी कमाई होते ती प्रक्रिया शिकवणाऱ्या तासांत. एकच तंटा घेऊ: साखर कारखान्याच्या आसवनीतलं (डिस्टिलरीतलं) मळीचं पाणी ओढ्यात सुटलं आणि खालच्या गावच्या विहिरी तांबड्या झाल्या. आपल्याकडे 2010 च्या हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14 खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिन्यांत अर्ज करायचा. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळतात. भरपाई हवी असेल तर कलम 15, मुदत 5 वर्षं. फी भरपाई न मागता 1,000 रुपये, मागितली तर मागणीच्या 1 टक्का. इंग्लंडमध्ये न्यायिक पुनर्विलोकनाचा अर्ज कारखान्याविरुद्ध नसतोच, परवाना देणाऱ्या किंवा डोळेझाक करणाऱ्या यंत्रणेविरुद्ध असतो. तोही विनाविलंब आणि फार तर 3 महिन्यांत करायचा. बांधकाम परवानगीचा वाद असेल तर 6 आठवड्यांत. हरलात की समोरच्याचा खर्च तुमच्या अंगावर. पर्यावरणाच्या बाबतीत लोकांना माहिती, सहभाग आणि न्याय मिळवून देणाऱ्या 1998 च्या आर्हुस करारामुळे एकट्या अर्जदारासाठी या खर्चाला सर्वसाधारणपणे 5,000 पौंडांची मर्यादा घातलेली आहे. जर्मनीत आणखी तिसरंच. स्वतःच्या हक्कावर घाला पडला हे दाखवल्याशिवाय दारच उघडत नाही, आणि लोकहितासाठी भांडायचं तर मान्यताप्राप्त संघटना लागते. जनहित याचिकेची सवय असलेल्या आपल्या वकिलाला हे आधी विचित्र वाटतं. पण ‘तुमचा याच्याशी संबंध काय?’ या खंडपीठातल्या नेहमीच्या प्रश्नाला उत्तर बांधायचं शिक्षण इथेच होतं. एकाच देशात शिकताना ही धार येत नाही.

दुसरा जमेचा भाग कंपन्यांच्या जबाबदारीचा. झांबियातल्या गावकऱ्यांनी तांब्याच्या खाणीच्या प्रदूषणाबद्दल वेदांता या मूळ कंपनीला इंग्लंडच्या कोर्टात खेचलं, आणि तो दावा तिथे चालू शकतो असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं. मोठ्या कंपनीला तिच्या पुरवठादारांकडच्या मानवी हक्कांवरही लक्ष ठेवायला लावणारा जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा 2023 पासून लागू झाला. बीडच्या ऊसतोड कामगारांची उचल (आगाऊ रक्कम), कोयता (ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी) आणि मुकादम यांची साखळी ज्याला ठाऊक आहे, त्याला हे दोन धडे एकत्र वाचताना बरंच सुचेल.

आता उणी बाजू. असे बहुतेक अभ्यासक्रम हवामान कायद्याकडे झुकलेले असतात, आणि मराठवाड्याचं सगळ्यात मोठं भांडण पाणीवाटपाचं आहे. ते हरित न्यायाधिकरणापुढे सहसा जातच नाही, कारण न्यायाधिकरण त्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या 7 कायद्यांखालचेच तंटे ऐकतं, आणि त्यांत महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा नाही. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचा प्राधिकरणाचा 2014 चा आदेश, त्यातली 65 टक्के साठ्याची अट आणि त्यावरचा मुंबई उच्च न्यायालयाचा 2016 चा निकाल, ही सगळी लढाई वेगळ्या रस्त्याने झाली. म्हणून प्रवेशाआधी विषयांची यादी मागवून आंतरराष्ट्रीय जलमार्ग किंवा पाणी कायदा हा विषय त्या वर्षी खरंच शिकवला जाणार आहे का, हे ईमेलने विचारावं. पुष्कळदा यादीत विषय असतो, पण पुरेसे विद्यार्थी नसले की तो त्या वर्षी चालतच नाही. न्याय हा शब्द नावात आहे म्हणजे मच्छीमार, भूमिहीन, पाणी भरणाऱ्या बाया अभ्यासात असतीलच असंही नाही. जायकवाडीवरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाला पैठणच्या कहार समाजाच्या पंच समितीने दिलेलं आव्हान आधी न्यायाधिकरणात आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. स्वच्छ ऊर्जा एका बाजूला आणि पोटाचा धंदा दुसऱ्या, असा प्रश्न अभ्यासक्रम कसा हाताळतो, ते वाचनयादीवरून लगेच कळतं.

कागदपत्रांत सगळ्यात महाग पडणारी चूक ब्रिटनच्या शिक्षणोत्तर व्हिसाची, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या व्हिसाची. अभ्यासक्रम 12 महिन्यांहून मोठा असेल तर त्यातले किमान 12 महिने ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर शिकलेले असावे लागतात. एक सत्र तिथे आणि दोन जर्मनीत, अशी मांडणी असली की हा हक्क गेला. मिळाला तरी 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तरांना तो 2 वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच आहे.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पैसे सलग 28 दिवस खात्यात दिसले पाहिजेत, आणि खातं स्वतःचं किंवा आईवडिलांचं हवं. काकांनी किंवा मामांनी सोयाबीन विकून त्यांच्या खात्यात ठेवलेली रक्कम चालत नाही. वडिलांचं खातं दाखवताना जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. इथे ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर ‘बालाजी’ आणि गुणपत्रिकेवर ‘बालाजीराव’ असलं की गाडं अडतं; दुरुस्ती आधीच करून घ्यावी. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बऱ्याच बँका घेत नाहीत, तेव्हा सातबाऱ्यावर भिस्त ठेवून आखणी करू नये. जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, निघण्याआधीच काढून ठेवावं. शिवाय तिथे वर्षभराच्या खर्चाची रक्कम, 2025 मध्ये 11,904 युरो, गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागते. म्हणजे पहिल्या देशातला खर्च चालू असतानाच दुसऱ्याची रक्कम उभी करायची. संशोधनाच्या नव्हे तर तासांवर चालणाऱ्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला 2024 पासून ब्रिटनमध्ये जोडीदार किंवा मुलं सहसा नेता येत नाहीत.

शिष्यवृत्तीत केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज योजना या दोन मुख्य. केंद्राच्या योजनेत अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबं येतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. यातली मेख अशी की 2022 च्या सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. अर्जात ‘मराठवाड्यातल्या भूमिहीनांचा पाण्यावरचा हक्क’ लिहिलं तर तो तिथेच अडकू शकतो. मांडणी तुलनात्मक कायद्याचीच ठेवावी. हा नियम कसा काय झाला, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

समकक्षता: बार कौन्सिलच्या 2020 च्या नियमांनी परदेशातला एक वर्षाचा एलएलएम भारतीय एलएलएमच्या बरोबरीचा मानला नाही, आणि त्या नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. सनद घेऊन वकिली करणाऱ्याला याचा उपद्रव नाही. नेट देऊन विधी महाविद्यालयात लागायचं असेल तर पदवी एक मिळणार की दोन, कोणत्या विद्यापीठाच्या नावाने आणि किती महिन्यांची, हे लेखी घेतल्याशिवाय फी भरू नये.

ब्रिटनमध्ये 180 पैकी साधारण 60 श्रेयांक प्रबंधाचे असतात, आणि त्याची सामग्री तिथे बसून मिळत नाही. माहिती अधिकाराचे अर्ज निघण्याआधी टाकावेत: फी 10 रुपये, उत्तराला 30 दिवस, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून कारखान्याचं संमतीपत्र आणि नमुन्यांचे अहवाल, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागाव्यात. मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, आणि मराठी संमतीपत्रासह तो अर्ज सत्र सुरू होताच द्यावा. कोयते गाव सोडून गेल्यावर परवानगी हातात आली तर मुलाखतीला माणूस सापडत नाही.

एवढं जमणार नसेल तर बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची पर्यावरण कायद्यातली पदव्युत्तर पदविका आहे, दिल्लीच्या विधी विद्यापीठाची डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेसोबतची आहे. जिल्हा न्यायालयातली वकिली न सोडता दोन्ही होतात. तुलनात्मक प्रक्रियेची ती धार तिथे मिळणार नाही, पण कलम 14 चा अर्ज नीट लिहिता येईल.