१९४१ ची शेव्हरोले कॅब्रिओले, सात महिने चालवल्यावर

एप्रिलमधे घेतली, आता नोव्हेंबर उजाडला आणि १४०० मैल झालेत, म्हणून लिहायला बसलो. गाडी १९४१ ची शेव्हरोले स्पेशल डिलक्स कॅब्रिओले, म्हणजे कापडी टपाची दोन दरवाजांची, इथे मिशिगनमधेच रिस्टोअर झालेली. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ९० हॉर्सपॉवर, तीन गिअर.

पेंट, क्रोम, सीट बघून मी हरखूनच गेलो होतो आणि ते काम खरंच देखणं आहे. पण शोसाठी केलेली गाडी वेगळी आणि चालवायची गाडी वेगळी, हे मे महिन्यात कळलं. सकाळी थंड असताना एका फटक्यात सुरू व्हायची, पण पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबलं की सेल्फ मेल्यासारखा फिरायचा. कोण म्हणे बॅटरी बदल, कोण म्हणे स्टार्टर उघड, दोन्ही केलं, पैसे गेले. शेवटी एकदा सेल्फ मारून झाल्यावर बॅटरीच्या केबलला सहज हात लागला तर चटकाच बसला! ही गाडी ६ व्होल्टची, तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो, आणि रिस्टोअर करणाऱ्याने १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल टाकलेली. करंगळीएवढी जाड केबल घातली, अर्थिंगच्या जागेवरचा नवाकोरा पेंट घासून लोखंड उघडं केलं, त्या दिवसापासून तक्रार नाही. एवढे पैसे घेऊन असं काम करणं मला अजिबात पटलेलं नाही.

इंजिनावर मात्र माझा जीव आहे. ह्यात पिस्टनच्या कनेक्टिंग रॉडला प्रेशरने ऑइल जात नाही, रॉडच्या टोकाला छोटे चमचे असतात ते खालच्या तबकातलं ऑइल घेत फिरतात, त्यामुळे ऑइल प्रेशरचा काटा १५ च्या आसपास दिसला तरी घाबरू नका. बेअरिंग ओतीव बॅबिटची, म्हणजे मऊ मिश्रधातूची, म्हणून ५० मैलांच्या वर तास तास ताणायची नाही. मी ४५ वर चालवतो, फ्रीवेला जातच नाही, जुन्या रस्त्यांनी जातो आणि गॅलनला १५-१६ मैल मिळतात. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलायातून येणारं रबर तोडल्यावर टायर वाचवायला अख्ख्या अमेरिकेत ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा होती, आणि फेब्रुवारी १९४२ मधे तर नव्या गाड्या बनणंच बंद झालं, म्हणजे ज्याच्याकडे ही होती त्याला ती १९४५ पर्यंत पुरवायचीच होती. ४५ वर हिचा आवाज ऐकला की वाटतं अजूनही पुरवेल.

जुलैत बाबा कोल्हापूरहून आले होते. त्यांनी वीस वर्षं ॲम्बॅसॅडर चालवली, तीही स्टिअरिंगजवळच्या गिअरची. सीटवर बसल्या बसल्या त्यांचा डावा हात गिअरकडे गेला, तिथे काहीच नाही, कारण इथे दांडा उजवीकडे. मग उजव्या हाताने त्यांनी पहिला, दुसरा, तिसरा असा हळूच टाकून बघितला आणि म्हणाले, "अरे, हा तर लोण्यासारखा पडतोय." इंजिनाच्या व्हॅक्यूमची, म्हणजे हवा ओढण्याच्या जोराची, मदत आहे त्याला. टप पण व्हॅक्यूमवरच उघडतो आणि वायपर पण, फक्त चढावर ॲक्सिलरेटर दाबला की वायपर मंदावतात, पावसात हे लक्षात ठेवाच.

ऑगस्टमधे डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ भरते, तिला नेली, तासभर रखडत चालल्यावर पेट्रोलची पाइप तापून वाफ धरली आणि बंद पडली. बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबलो, मग चालू झाली. ब्रेक चारी ड्रम, चारींना मिळून ब्रेक ऑइलची लाइन एकच, तेव्हा पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो.

आता बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायच्या आत गॅरेजमधे लावतोय. टाकीत इथेनॉल नसलेलं पेट्रोल काठोकाठ, बॅटरी काढून घरात, आणि टप मुद्दाम चढवून ठेवलाय, दुमडून ठेवला तर कापड घड्यांवर चिरतं. एप्रिलमधे पहिलं काम मागचे ब्रेक उघडायचं.