गॅबियन भिंत: जाळी उत्तम, दगड उत्तम, तार भिकार (एका पावसाळ्यानंतर)

भिंत उभी आहे, जागची तसूभर हललेली नाही, हे आधीच सांगते. नाहीतर पुढची चिडचिड वाचून वाटायचं की पडलीच. तरी दहापैकी सातच गुण देतेय. दिवाळीपर्यंत नऊ देणार होते.

जागा गुहागर तालुक्यातली, सासरचं घर. आम्ही साताऱ्यात, गोडोलीत. तिकडे दीर-जाऊ असतात. घरामागचं परसू समुद्राच्या अंगाला उतरतं आणि खारा वारा थेट अंगावर येतो. तिथं जांभ्याची सिमेंटात बांधलेली भिंत होती, ती ऐन आषाढात अर्ध्या परसासकट खाली बसली. त्या जागी गॅबियन घातलं, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्या, त्यांत दगड भरून एकमेकींना बांधून उभी केलेली भिंत. आमची भिंत १६ मीटर लांब, २ मीटर उंच. खालचा थर दीड मीटर रुंद, वरचा एक मीटर. जाळी दुहेरी पिळाची, जस्ताचा मुलामा आणि वर पीव्हीसीचं आवरण. आतली तार २.७ मिमी, आवरण धरून ३.७. मागे जिओटेक्स्टाइलचं कापड, पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं. दगड काळा, चिपळूणकडचा.

भावोजींना परत चिराच (जांभ्याचा दगड) हवा होता. "वहिनी, चिरेखाण उशाशी असताना काळा दगड घाट चढून-उतरून कोण आणतं?" गावातले गडगे (दगडी कुंपणं) आजोबा-पणजोबांच्या वेळचे उभे आहेत, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. पण गडगा कोरडा रचलेला असतो, कमरेइतका उंच असतो आणि त्याची फट न् फट पाण्याला मोकळी असते. तोच चिरा सिमेंटात बसवला, वरून दर्जा भरल्या (सांधे सिमेंटनं लिंपले), की मागचं पाणी कोंडतं. ओल्या मातीत पाणी तुंबलं की भिंतीवरचा रेटा कोरड्या मातीच्या दुपटीच्याही वर जातो. शिवाय उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तिथं हा हिशेब चुकवून चालत नाही. भिंतीला पाइपाची भोकं ठेवली होती म्हणे, पण मागे खडीच भरलेली नव्हती. भोकं चिकणमातीनं बुजली आणि पाणी आतच राहिलं. (पेट्यांत तरी चिरा भरा, हाही आग्रह झाला. जांभा ठिसूळ, जाळीत घासून घासून त्याचा चुरा होणार. नको म्हटलं.)

आरसीसीचंही कोटेशन घेतलं होतं. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतो, समुद्राचे तुषार उडत असतील तर एम-३५ आणि ५० मिमी. आलेल्या कोटेशनात एम-२० लिहिलं होतं आणि कव्हरचा उल्लेखच नव्हता. शेजारच्या आवारातली भिंत असल्याच हिशेबाची, वर खाडीची वाळू वापरलेली. सळई गंजून फुगली, काँक्रीटचे पापुद्रे सुटले, तांबूस ओघळ आले. ती बघितल्यावर आमच्याकडे आरसीसीचा विषय संपला.

तर गॅबियन. दगडाच्या बिलावरून पहिली वादावादी झाली. १६ मीटरच्या दोन्ही थरांचं घनफळ ४० घनमीटर, म्हणजे १४ ब्रासच्या किंचित वर (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). बिल आलं १७ ब्रासचं. तुटफूट, सांडलवंड सगळं धरलं तरी १५. गाडीतला माल फूटपट्टीनं मोजला तेव्हा मुकादम म्हणाला, "बाई, साताऱ्याच्या वाटतं?" त्यातला टोमणा मी कौतुक म्हणून घेतला आणि १५ चेच पैसे दिले.

भरतानाही डोक्यावर उभं राहावं लागतं. टिपरमधून दगड थेट पेटीत ओतला तर पीव्हीसी सोलतं, आणि सोललं तिथून गंज लागतो. पेटी एक-तृतीयांश भरली की समोरची आणि मागची जाळी आतून तारेनं आवळायची, मग पुढचं भरायचं, परत आवळायचं. हे टाळलं की भिंत पोट काढते. आमचे गडी समोरचे दगड हातानं चपखल लावत होते, त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी.

एप्रिलअखेर काम झालं तेव्हा मला भिंत अजिबात आवडली नव्हती. हायवेच्या कडेचा तुकडा उचलून परसात आणल्यासारखी दिसत होती. जाऊबाईंना दिसण्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांना सापांची काळजी. दगडांच्या फटीत घुशी येणार आणि घुशींमागून जनावर येणार, हे त्यांचं भाकीत. घुशी आल्या. बाकीचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

जुलैत मत बदललं. आम्ही तिकडे असताना रात्रभर धो धो कोसळला. सकाळी छत्री घेऊन खाली गेले तर भिंतीच्या सगळ्या अंगातून पाणी झिरपत होतं आणि ते स्वच्छ होतं, मातीचा कण नाही. त्या क्षणी खर्च वसूल वाटला. श्रावणात दगडांतून नेचे फुटले आणि तो हायवेचा तुकडा बराचसा झाकलाही गेला. फक्त विहिरीकडच्या टोकाला गढूळ धार लागली होती. तिथं मागचं कापड दोन हात कमी पडलेलं, त्या जागी माती वाहून वर खळगा पडला. पाऊस उघडल्यावर तेवढं उकरलं, कापड जोडलं, खडी-मुरूम भरून बुजवलं. भिंतीच्या वर चर काढून पागोळ्यांचं पाणी बाजूला वळवलंय, तेही मोठंच काम. ते नसतं तर कापडानं तरी किती निभावलं असतं!

एक सांगून ठेवते. दोन मीटरची भिंत परसू धरते, डोंगर धरत नाही. कुंभार्ली घाटानं जाताना पाटण तालुका लागतो. तिथं २२ जुलै २०२१ च्या पावसात मिरगाव, आंबेघर इथं दरडी कोसळून काय झालं ते साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. वरचा डोंगरच सुटायचा धोका असेल तर पेट्यांच्या नादी लागू नका, आधी भूगर्भवाल्याला जागा दाखवा.

आता तार.

दिवाळीत भिंतीवर पणत्या मांडायला गेले. वरच्या झाकणाला हात टेकला आणि बांधलेली तार खट्कन तुटली. दुसरी ओढली, तीही तुटली. हाताला तांबडा चुरा. नीट बघितलं तर झाकणं आणि पेट्यांचे आपसातले जोड साध्या काळ्या बाइंडिंग वायरनं बांधलेले, स्लॅबची सळई बांधतात तीच! साताऱ्यात माझ्या दोडक्याच्या मांडवाला हीच तार वर्षानुवर्षं टिकलीय. समुद्रकाठी तिनं सहा महिनेही काढले नाहीत. जाळीसोबत जोडायची तारही जाळीच्याच जातीची हवी: जस्त, वर पीव्हीसी, आत २.२ मिमी, आवरणासकट ३.२. एक साधा वेढा, एक दुहेरी, असं करत अख्खी कड शिवायची असते. इथं वीतवीतभर अंतरावर नुसते पीळ मारलेले.

आमचे हे म्हणतात, एवढं काय, भिंत स्वतःच्या वजनावर उभी आहे. असेना. पेट्या एकमेकींना बांधलेल्या असल्या तरच १६ मीटरची एक भिंत होते, नाहीतर दगडांच्या सुट्या पेट्या रांगेत ठेवल्यात एवढंच. आणि सगळ्या खर्चात या तारेचा वाटा शेकडा दोन रुपयेही नसेल. चांगल्या जाळीचे एवढे पैसे मोजून घेतले आणि जोड मात्र फुकटच्या तारेचे!

जाळीवाल्याला फोन केला. "तार आम्ही बंडलात पाठवली होती, ठेकेदाराला विचारा." ठेकेदाराला विचारलं. "आलीच नाही ताई, म्हणून आम्ही पदरची घातली." पदरची! चलनावर नुसतं 'पेट्या' लिहिलेलं, तारेचा शब्द नाही. माल उतरवतानाचे फोटो पाठवले, त्यात हिरव्या तारेची दोन वेटोळी चक्क दिसत होती. त्यावर जाळीवाल्याचा आवाज चढला आणि ठेकेदाराचा फोन लागेनासा झाला. ती वेटोळी दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर गेली असणार असा माझा कयास आहे. पुरावा नाही, त्यामुळे नाव घेत नाही.

शेवटी साताऱ्यात एमआयडीसीतल्या जाळीच्या दुकानातून आवरणाची तार घेतली. मापून घेतली, नेमकी ३.२ भरली. डिकीत टाकून घाटातून नेली आणि भावोजींनी दोन गडी लावून झाकणं नि समोरचे जोड नव्यानं शिवून घेतले. आतल्या जोडांचं मात्र काही करता येत नाही. ते पोटात गेलेत, तिथं कुठली तार आहे देव जाणे. म्हणून दोन गुण कायमचे कापलेत.

तेव्हा घेणाऱ्यांनी चलनावर तार वेगळी लिहून घ्यावी, किलोत, जाडीसकट. पहिली पेटी शिवताना स्वतः उभं राहावं. झाकण बंद झाल्यावर हाताला येईल ती प्रत्येक तार ओढून बघावी.

विहिरीकडे अजून सहा मीटरचा तुकडा बाकी आहे. तोही गॅबियनचाच करणार, त्यात शंका नाही. या ठेकेदाराची शेवटच्या हप्त्याची रक्कम अजून माझ्याकडे आहे. नवी तार, दोन गड्यांची मजुरी आणि घाटातलं पेट्रोल वजा करून जे उरतं त्याचा आकडा त्याला लिहून पाठवलाय. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.