पापणी उतरली: तिसरा मज्जातंतू की हॉर्नर?

वरची पापणी उचलणारे स्नायू दोन. मोठा लेव्हेटर तिसऱ्या मज्जातंतूवर (मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी तिसरा) चालतो, छोटा म्युलरचा स्नायू सिम्पथेटिक तंतूंवर (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचे तंतू). कोणाचा पुरवठा तुटला, हे पापणी किती उतरली यावरूनच बरंचसं कळतं.

तिसरा मज्जातंतू पूर्ण निकामी झाला तर पापणी जवळजवळ मिटतेच. बोटाने उचलून पाहिलं तर डोळा बाहेर आणि खाली वळलेला दिसतो, कारण डोळा फिरवणाऱ्या ६ पैकी ४ स्नायू गेलेले असतात. हॉर्नर सिंड्रोममध्ये, म्हणजे सिम्पथेटिक पुरवठा तुटल्यावर, पापणी जेमतेम १-२ मिलिमीटर खाली येते, हालचाल शाबूत. घाईत हे सहज नजरेतून सुटतं.

माझ्या मते खरी साक्ष बाहुलीची. हॉर्नरमध्ये ती लहान असते आणि दोन डोळ्यांतला फरक अंधारात ठळक होतो. तिसऱ्याच्या बिघाडात ती मोठी आणि उजेडाला दाद न देणारी असेल, तर वेळ दवडू नये: बाहुलीचे तंतू मज्जातंतूच्या पृष्ठभागालगत असतात, त्यामुळे मेंदूतल्या धमनीच्या फुग्याने बाहेरून दाबलं की आधी तेच चेपतात. मधुमेहात मात्र आतल्या गाभ्याचा रक्तपुरवठा बिघडतो, म्हणून बाहुली बहुधा वाचते.

हॉर्नरचं मूळ शोधताना छातीपर्यंत उतरावं लागतं. सिम्पथेटिक तंतू फुफ्फुसाच्या टोकाजवळून वळसा घेऊन, मानेतल्या कॅरॉटिड धमनीच्या आधाराने डोळ्याकडे चढतात.