कॉलेज काउन्सेलिंगचं पॅकेज घेतलं: एसेसाठी छान, मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) ठरवायला नाही (पाचपैकी तीन स्टार)

मंडळात कोणाचं मूल दहावी-अकरावीत गेलं की मला हमखास विचारतात, काउन्सेलर लावलेला ना तुम्ही, घ्यावं का आम्ही पण? दर वेळी अर्धवट उत्तर देते आणि घरी आल्यावर वाटतं की मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच, म्हणून आता एकदा सगळं लिहूनच टाकते.

आम्ही टेक्ससमध्ये राहतो. लेक 2025 ला हायस्कूल संपवून कॉलेजला गेली, बिझनेस करायचं हे तिचं आधीपासून ठरलेलं म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. ज्युनियर इयरच्या, म्हणजे अकरावीच्या, जानेवारीत आम्ही एका प्रायव्हेट सर्व्हिसचं 4,800 डॉलरचं पॅकेज घेतलं, वीस तास ऑनलाइन मीटिंग आणि आठ कॉलेजांचे एसे तपासून देणार असं. सर्व्हिसचं नाव देत नाही, कारण बाकीच्या आयांशी बोलले तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी पैसे भरलेले आणि अनुभव मात्र बराचसा माझ्यासारखाच.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं होतं. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच फॉर्ममध्ये, दहा ॲक्टिव्हिटी लिहिता येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त 150 कॅरेक्टर, शब्द नाही हं, कॅरेक्टर. त्यात चार वर्षांचं काम बसवणं मुलांना जमत नाही आणि आपण सुचवायला गेलो की भांडण होतं. त्यांची एसे बघणारी मुलगी फार मन लावून काम करायची, 650 शब्दांच्या मुख्य एसेचे लेकीने सात ड्राफ्ट केले आणि प्रत्येक वेळी तिने "हे वाक्य तुझं वाटत नाही" असं नेमकं बोट ठेवून दाखवलं. तारखांचं शीटपण उत्तम, यूटी ऑस्टिनची (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस) अर्ली ॲक्शन, म्हणजे लवकर अर्ज करायची तारीख, 15 ऑक्टोबर, मिशिगनची 1 नोव्हेंबर, सगळं वेळेत गेलं, आणि मधे तिसरं माणूस असल्यामुळे घरात शांतता राहिली, त्याचे पैसे मी आनंदाने देईन.

आता मेजरचं. पहिल्याच मीटिंगला एक प्रश्नावली भरून घेतली, रिझल्ट आला "बिझनेस", आणि तिथून पुढे कोणी तो विषय उघडलाच नाही. बिझनेस म्हणजे फायनान्स की मार्केटिंग की अकाउंटिंग, तिला त्यातलं काय आवडतं, रोज बसून काय शिकायला आवडेल, काहीच नाही. यादीत व्हार्टन (पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचं बिझनेस स्कूल) होतं पण तिथली चार वर्षांची डिग्री बॅचलर ऑफ सायन्स इन इकॉनॉमिक्स नावाची असते हे आम्हाला साइट वाचून कळलं. यूसीएलए, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं (यूसी) लॉस एंजेलिसचं कॅम्पस, तेपण होतं, तिथे अंडरग्रॅडला बिझनेस नावाचं मेजरच नाही, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे. एकाच शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी चालतात हे ज्याने सांगायचं त्याने सांगितलं नाही.

त्याहून मोठी चूक यूटीची. आमच्या वर्षी टेक्ससमधल्या शाळेतल्या वरच्या 6 टक्क्यांत असलेल्यांना यूटी ऑस्टिनला ऑटोमॅटिक ॲडमिशन होतं (2026 च्या फॉल सेमिस्टरपासून 5 टक्के केलंय). लेक त्यात बसत होती आणि काउन्सेलर म्हणाली, मग यूटी सेफ धरा. सेफ धरा! आम्ही धरलं. ऑगस्टमध्ये लेकीच्या शाळेच्या काउन्सेलरने, ज्याच्यावर चारशे मुलं आहेत आणि जो फुकट आहे, त्याने दहा मिनिटांत समजावलं की ऑटोमॅटिक मिळतं ते युनिव्हर्सिटीत, मेजरमध्ये नाही. मॅककॉम्ब्स म्हणजे त्यांचं बिझनेस स्कूल, त्यासाठी वेगळी निवड होते आणि वरच्या 6 टक्क्यांतलीच हजारो मुलं तिथे रांगेत असतात. फॉर्मवर पहिली आणि दुसरी चॉइस भरायची असते, तर दुसरी चॉइस नीट विचार करून भरा, कारण एकदा आत गेल्यावर बिझनेसला बदलून घेणं ही परत वेगळी स्पर्धा. आम्ही तोपर्यंत दुसऱ्या चॉइसचा विचारच केला नव्हता.

कॅलिफोर्नियाचंही तसंच. त्यांनी दिलेल्या पीडीएफमध्ये लिहिलेलं की बर्कलीच्या हासला, म्हणजे तिथल्या बिझनेस स्कूलला, दुसऱ्या वर्षी अप्लाय करतात. पूर्वी तसं होतं, पण 2024 च्या फॉलपासून हासचा चार वर्षांचा प्रोग्राम झालाय आणि फ्रेशमन म्हणून थेट घेतात. आम्ही ते यादीतून काढलेलं, "दोन वर्षं टांगणीला कोण राहणार" म्हणून, चुकीच्या माहितीवर! परत घातलं तेव्हा यूसीचे (बर्कली त्यातलंच) आठपैकी चार प्रश्न, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत, शाळेच्या परीक्षांच्या मधे लिहायला लागले. एसएटी ही परीक्षा यूसीवाले बघत नाहीत हेपण तेव्हाच कळलं.

आणि कॅल्क्युलस. जीपीए (ग्रेडची सरासरी) सांभाळायला एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस सोडून एपी स्टॅटिस्टिक्स घे असा सल्ला दिलेला. लेकीने ऐकला नाही, दोन्ही घेतले, रडत रडत पण घेतले. नंतर आम्ही एकेक कॉलेजचा बिझनेसचा डिग्री प्लॅन वाचला तर पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस जवळजवळ सगळीकडे होतं.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट मात्र मिशिगनच्या वेळची. रॉस म्हणजे तिथलं बिझनेस स्कूल, त्याला आमच्या वर्षी नेहमीच्या फॉर्मशिवाय एक जास्तीचा भाग होता, एक बिझनेस केसवर लिहायचं आणि एक आर्टिफॅक्ट द्यायचं, म्हणजे तू प्रत्यक्ष काही करून शिकलीस त्याचा पुरावा. लेक तीन वर्षं मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या कुपनांचा हिशोब बघत होती. पहिल्या वर्षी शंभरेक ताटं वाया गेली म्हणून तिने स्प्रेडशीट केलं, नावनोंदणी किती, प्रत्यक्ष येतात किती, पाऊस असला तर किती, शनिवारच्या आणि रविवारच्या आरतीला किती फरक, आणि तिसऱ्या वर्षी ऑर्डर जवळजवळ बरोबर आली. ती तेच देणार होती. काउन्सेलर म्हणाली हे छोटं दिसतं, आपण याची नॉन-प्रॉफिट करू, वेबसाइट करू, तू फाउंडर. आठ आठवड्यांत करता येतं म्हणे.

लेक गप्प बसली आणि मीटिंग संपल्यावर मला म्हणाली, "आई, मी फाउंडर नाहीये, मी हिशोब ठेवला." मी त्या दिवशी तिला जवळ घेऊन बराच वेळ बसले. तिने स्प्रेडशीटच दिलं, चुकलेल्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांसकट. आणि त्यावर लिहिताना तिलाच कळलं की तिला दुकान चालवण्यात रस नाहीये, लोक येतो म्हणतात आणि येत नाहीत ते का, यात आहे. मेजर तिथे ठरलं खरं तर, आमच्या डायनिंग टेबलवर, प्रश्नावलीत नाही. मग आम्ही दोघींनी मॅककॉम्ब्स आणि इकॉनॉमिक्स दोन्हींचे कोर्स शेजारी शेजारी ठेवून वाचले, प्रत्येक कोर्सपुढे तिने स्वतः टिक केली, नुसत्या नावाने हरखून नाही तर वर्णन वाचून, आणि इकॉनॉमिक्सच्या टिका जास्त निघाल्या. तरी पहिली चॉइस बिझनेसच भरली, दुसरी इकॉनॉमिक्स.

ज्यांची मुलं एच-4 वर (एच-1बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत त्यांनी अजून एक बघा, हे आम्हाला लागू नव्हतं पण मैत्रिणीच्या मुलाला आहे आणि तिलाही तिच्या सर्व्हिसने सांगितलं नव्हतं. 21 पूर्ण झाले की एच-4 संपतो, बरीच मुलं एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसा) जातात, मग डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे काम करायची परवानगी, 12 महिने आणि विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर वर 24 महिने. साधं बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन स्टेममध्ये येत नाही, पण इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा सरकारी विषय-कोड येतो, मॅनेजमेंट सायन्सचाही येतो. कोणता कोड लावायचा हे कॉलेज ठरवतं, त्यामुळे नाव सारखं असलं तरी त्या कॉलेजला इमेल करून कोड विचारा, लेखी घ्या.

निकाल सांगते. रॉस आधी डिफर झालं, म्हणजे निर्णय पुढे ढकलला, मग नाही आलं, हास नाही आलं. यूटी आलं, मॅककॉम्ब्स नाही, इकॉनॉमिक्स. मी दोन दिवस जेवले नाही नीट. लेकीला एक संध्याकाळ वाईट वाटलं आणि मग तिने ते टिका केलेले कागद काढून फ्रिजला लावले. दुसरी चॉइस नुसती भरायची म्हणून भरली असती तर हे झालं नसतं, आणि ती नीट भरली ती शाळेच्या त्या काउन्सेलरमुळे.

तर घ्यायचं असेल तर पूर्ण पॅकेज घेऊ नका, फक्त एसेचे तास मिळतात का विचारा, तेवढ्याला मी पाच स्टार देईन. मेजर ठरवून देतील या आशेने घेणार असाल तर पहिल्या फुकट कॉलवर एवढंच विचारा की यादीतल्या प्रत्येक कॉलेजला बिझनेसमध्ये थेट घेतात का नंतर, आणि नाही मिळालं तर मूल कुठे जातं. उत्तर चाचरत आलं तर फोन ठेवा. हास आणि यूटीची चूक मी त्यांना शेवटच्या मीटिंगला दाखवली, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पीडीएफ बदलतो म्हणाले. आमचे चार तास उरलेत, ते पैसे परत मिळत नाहीत आणि दुसऱ्या मुलाच्या नावावरही करता येत नाहीत, आमचा धाकटा आठवीत आहे म्हणून विचारलेलं. हे सही करायच्या आधीच विचारून घ्या.