जुन्या गच्चीच्या गळतीवर पावडर-लिक्विड कोटिंग: कुठे टिकतं, कुठे नाही

पाऊस उघडून दोन दिवस झाले, गच्ची वरून खडखडीत वाळली, तरी सर्वांत वरच्या मजल्यावर पंख्याच्या हुकाजवळ थेंब पडतच राहतो. नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, कॉलेज रोड, नाशिकरोड इथल्या पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतींची ही नेहमीची तक्रार. त्यावर हार्डवेअरच्या दुकानात हमखास सुचवलं जातं ते पावडर आणि लिक्विड अशा दोन भागांत मिळणारं अ‍ॅक्रिलिक पॉलिमर-सिमेंट कोटिंग. डॉ. फिक्सिटचं पिडिफिन २के, फॉसरॉकचं ब्रशबाँड, सिकाचं सिकाटॉप सील १०७ ही सगळी याच जातीची. हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, या प्रकाराचं आहे. पाचपैकी चार गुण, पण एका अटीवर: खालचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, शाबूत हवा. कोबा सुटलेला असेल तर कोणत्याही कंपनीचा डबा गळती थांबवू शकत नाही.

तो थेंब पाऊस थांबल्यावरही का पडतो, ते आधी समजून घ्या. जुन्या गच्चीवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा साधारण चार इंच कोबा असतो आणि त्यावर चौकड्या पाडलेला सिमेंटचा थर. वरच्या थराला भेगा गेल्या की पाणी विटांत मुरतं. विटा ते स्पंजासारखं धरून ठेवतात आणि सावकाश खाली सोडतात. मधल्या काळात पाणी स्लॅबच्या पाठीवरून उताराकडे सरकतं आणि जिथे वाट मिळेल तिथून उतरतं. म्हणून छतावरच्या डागाच्या बरोबर वर भेग शोधून तेवढीच बुजवली, तर पुढच्या पावसात डाग चार फूट बाजूला दिसतो.

डबा विकत घेण्याआधी गळती गच्चीचीच आहे ना, याची खात्री करा. फक्त पावसाळ्यात डाग वाढत असेल तर गच्ची. बारा महीने सारखा थेंब असेल तर पाण्याची लाईन किंवा टाकी. वरच्या घरात आंघोळी झाल्यावर तासाभरात ओल वाढत असेल तर न्हाणी ट्रॅप (सांडपाण्याच्या जाळीखालचं भांडं), टाइल्सचे सांधे किंवा बाथरूमचा सन्क (फरशीखालचा खोलगट भराव). गच्चीसाठी पाणी साठवून बघण्याची चाचणी सर्वांत भरवशाची. पावसाळी पाइपाचं तोंड वाळू भरलेल्या पिशवीने बंद करायचं, दोन इंच पाणी २४ ते ४८ तास ठेवायचं आणि खालच्या छतावर खडूने खुणा करत जायच्या. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन. छताचं काँक्रीट सुटून सळया उघड्या पडल्या असतील तर ही चाचणी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय करू नका.

आता कोब्याची तपासणी. हातोडीने किंवा सळईच्या तुकड्याने चौकडी-चौकडी ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर कोबा धरून आहे, बद्द आवाज आला तर खालून सुटला आहे. बद्द चौकड्यांवर खडूने फुली मारा. तुरळक फुल्या असतील तर तेवढ्या चौकड्या स्लॅबपर्यंत फोडून नव्याने भरा, सात दिवस पाणी मारा आणि मग कोटिंग करा. पण पाव गच्ची फुल्यांनी भरली असेल, तर आमच्या मते कोटिंगवर पैसे घालू नका, कोबा काढा. इथे सगळ्यांत घातक सल्ला मिळतो तो जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकण्याचा. चार इंच कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. गंजलेल्या सळयांच्या स्लॅबवर हे ओझं दुप्पट करणं धोक्याचं आहे, आणि अडकलेलं जुनं पाणी तर आतच राहतं.

कोबा पास झाला, तर पुढचं यश तयारीवर आहे. तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटे कण काढा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा आणि स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवा. शेवाळाचा पातळ थर जरी राहिला तरी कोटिंग त्यालाच चिकटतं आणि त्याच्यासकट निघतं. केसाएवढ्या भेगा कोटिंगच भरतं. रुंद भेगा मात्र ग्राइंडरने व्ही आकारात उघडून लॅटेक्स मिसळलेल्या १:३ सिमेंट-वाळूच्या मालाने भराव्या लागतात. गच्ची आणि पॅरापेट (कठड्याची भिंत) जिथे मिळतात तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर भराव, तपासा. गळत्या गच्चीत तो बहुतेक वेळा सुटलेलाच असतो. तो काढून दोन-अडीच इंचांचा गोलसर वाटा नव्याने करा. कोटिंग वाट्यावरून पॅरापेटवर किमान एक फूट चढलंच पाहिजे. वाटा आणि पाइपाच्या तोंडाशी कोटिंगचा पहिला हात ओला असतानाच त्यात फायबर जाळी बसवा आणि कोटिंग पाइपाच्या आत दोन इंच उतरवा. नाशिकमध्ये जवळपास प्रत्येक गच्चीवर सोलर हीटर दिसतो. त्याच्या स्टँडचे आणि डिश अँटेनाचे बोल्ट कोब्यात आरपार ठोकलेले असतात. ती भोकं बुजवून स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं करा, नाहीतर नव्या कोटिंगला पहिल्याच दिवशी भोक पडलेलं असेल.

या प्रकाराची मोठी सोय अशी की त्याला ओलसर पृष्ठभाग चालतो, किंबहुना हवाच असतो. आदल्या रात्री पाणी मारा. काम सुरू करताना हात लावल्यावर गार लागावं, पण तळहात ओला होऊ नये. साचलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या. उन्हात तापलेल्या कोरड्या कोब्यावर लावलं तर कोबा लिक्विडमधलं पाणी शोषून घेतो आणि कोटिंगची पावडर होते. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी हे काम करूच नये. सकाळी लवकर किंवा चारनंतर.

मिसळताना बादलीत आधी लिक्विड ओता, मग पावडर थोडी थोडी सोडा आणि कमी वेगाच्या ड्रिलने तीन मिनिटं घुसळा. गुठळी राहू देऊ नका. पावडर आणि लिक्विडचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, ते काट्यावर तोलून घ्या. मिश्रण घट्ट वाटलं म्हणून कारागीर त्यात पाणी ओततो. आम्ही पाहिलेल्या नापास कामांत ही चूक सर्वांत वर आहे. पाण्याने पॉलिमर पातळ होतो, वाळल्यावर बारीक भेगा पडतात. तयार माल अर्ध्या-पाऊण तासात संपवा. पहिला हात आडवा, चार-सहा तासांनी दुसरा उभा.

मालाचा हिशेब स्वतः करा. दोन हातांत एक मिलिमीटर जाडी हवी असेल तर दर चौरस मीटरला साधारण पावणेदोन ते दोन किलो लागतं. ४० बाय २५ फुटांची गच्ची धरा: १००० चौरस फूट, शिवाय पॅरापेटवर एक फूट चढवलेली १३० चौरस फुटांची पट्टी. म्हणजे सुमारे १०५ चौरस मीटर, अर्थात १८५ ते २१० किलो माल. १५ किलोच्या पॅकमध्ये तेरा-चौदा पॅक. ठेकेदार सहा पॅकमध्ये दोन हात मारून देतो म्हणत असेल, तर जाडी निम्मीच येणार. रिकामे पॅक मोजून घेणं हा सोसायटीच्या कमिटीचा हक्क आहे. आणि पॅक घेताना तारीख बघा, पावडर दाबून बघा. दमट जागी राहिलेल्या पावडरीत खडे झालेले असतात.

एक गुण का कापला? कारण बऱ्याचशा कोटिंगना उघडं ठेवून वर्दळ चालत नाही. पापड-कुरडया वाळत घालणारी, पतंग उडवणारी गच्ची असेल तर वर २०-२५ मिलिमीटरचा सिमेंटचा संरक्षक थर किंवा चायना मोझाइक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) लागतं, आणि तो थर दर चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास वजन वाढवतो. जिथे स्लॅबला तेवढंही वजन नको, तिथे उघडं राहू शकणारं पांढरं इलास्टोमेरिक कोटिंग बरं. ते ताणलं जातं, ऊन परतवतं, खालची खोलीही थोडी गार राहते. पण त्याची अट उलटी: पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा. कोब्यात पाणी असताना लावलं तर पहिल्या उन्हात फुगे येतात. शिवाय पाणी साचणाऱ्या गच्चीवर ते फार टिकत नाही. त्यामुळे उतार आधी सुधारा, किमान शंभरास एक.

खालून छताला हे पावडर-लिक्विड कोटिंग लावण्याच्या भानगडीत पडू नका. पाणी वरून दाब देतं, आणि कोटिंग पोपड्यासारखं सुटतं. छतावर गंजलेल्या सळया दिसत असतील तर वरची गळती थांबवल्यानंतर सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट काढा, गंज घासा, गंजरोधक प्राइमर लावा आणि पॉलिमर मॉर्टर भरा. नुसतं प्लास्टर केलं तर आत गंज फुगत राहतो आणि तुकडा पुन्हा पडतो.

वेळ निवडताना ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये करत असाल तर द्राक्षबागायतदार बघतात तसा अवकाळीचा अंदाज बघा, पहिल्या २४ तासांत कोटिंगवर पाऊस नको.

खर्च कुणाचा, यावरून वरच्या मजल्यावरच्या सभासदाशी भांडण होतं. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची गळती आणि त्याने खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत व प्लास्टर ही दुरुस्ती सोसायटीने करायची आहे. करारात जाडी, पॅकची संख्या आणि पाणी साठवण्याची चाचणी लिहून घ्या. कोटिंग झाल्यावर सातव्या दिवशी ४८ तास पाणी ठेवा, खालची छतं कोरडी निघाली की मगच संरक्षक थर टाकू द्या, आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा गेल्यावर द्या.