झिंक-निकेलला चुंबक लावावेत, की पल्स रेक्टिफायर घ्यावा?

भोसरीत झिंक-निकेल प्लेटिंगची (विजेने धातूचा लेप बसवण्याची) लाइन आहे, चाकणचा ग्राहक साल्ट स्प्रेचे (मिठाच्या फवाऱ्यात लेप गंजाविना किती टिकतो त्या चाचणीचे) तास वाढवून मागतोय आणि कुणीतरी सांगितलंय की टाकीला चुंबक लावले की लेप सुधारतो. सांगणारा खोटं बोलत नाही. तरी पैसे घालण्याआधी पल्स रेक्टिफायरचा (थांबून थांबून करंट देणाऱ्या यंत्राचा) पर्याय शेजारी ठेवून बघा.

द्रावणातला करंट आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात असले, की लॉरेंट्झ बल द्रावणाला ढकलतं. कॅथोडला, म्हणजे लेप बसणाऱ्या वस्तूला, चिकटलेल्या ज्या पातळ थरात हवेचं ढवळणं नीट पोचत नाही, तोही थर त्यामुळे आणखी पातळ होतो. आयन लवकर पोचतात, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, पिनहोल (लेपातली बारीक छिद्रं) कमी होतात. सुरतकलच्या एनआयटीत झिंकच्या मिश्रधातूंवर असे प्रयोग झालेत आणि गंजरोध वाढलेला दिसलाय. क्षेत्र करंटला समांतर ठेवलं तर मात्र हा जोर बराचसा जातो.

पण प्रयोगशाळेत चुंबकांमधली फट काही सेंटिमीटरची असते. कायमचुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. दोन मीटरच्या टाकीला इलेक्ट्रोमॅग्नेट लावायचा म्हणजे तांबं, वीज आणि वर कूलिंग. त्याहून मोठी अडचण जॉबची, म्हणजे लेप द्यायच्या वस्तूंची. आपल्याकडचा बराचसा माल स्टीलचा. स्टील क्षेत्र स्वतःकडे ओढतं, त्यामुळे कडांवर ते दाटतं आणि लेप कुठे कसा बसेल याचा भरवसा राहत नाही. बॅरलमध्ये (सुटा माल भरून फिरवतात त्या पिंपात) तर बोल्ट चुंबकाच्या बाजूला गोळा होतील! बॅरलवाल्यांनी हा विषय इथेच सोडावा.

पल्समध्ये करंट थांबत थांबत जातो. थांबलेल्या वेळात कॅथोडजवळचे संपलेले आयन भरून निघतात, पुढच्या जोरदार पल्समध्ये कण बारीक बसतात. टाकी तीच, जिग (माल टांगायची चौकट) तेच. केबल मात्र आखूड हवी, नाहीतर पल्स बोथट होतो.

दोन्हींत एक गोष्ट हमखास हलते: निकेलची टक्केवारी. १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास गॅमा फेज (दोन्ही धातूंची एक ठराविक स्फटिकरचना) मिळते आणि गंजरोध सर्वात चांगला असतो. निकेल फारच वाढलं तर लेप स्टीलसाठी आधी झिजण्याचा गुण गमावतो. टक्केवारी कुठल्या बाजूला सरकेल हे तुमच्या बाथवर (टाकीतल्या द्रावणावर) ठरतं, म्हणून एक्सआरएफवर (एक्स-रेने लेपातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर) मोजल्याशिवाय कुठल्याच विक्रेत्याचं ऐकू नका.

माझं मत विचाराल तर स्टीलच्या जॉबला आधी फिल्टर, ब्राइटनर (लेपाला चकाकी देणारं रसायन), पॅसिव्हेशन (लेपावरचा रासायनिक संरक्षक थर) आणि टॉपकोट (त्यावरचा शेवटचा थर) तपासा. तास बहुतेकदा तिथेच गळतात. मग पल्स. चुंबकाचा विचार तांब्या-पितळेच्या सपाट, एकाच आकाराच्या रॅक जॉबपुरता (चौकटीला टांगून प्लेट करायच्या मालापुरता) करा. तोही आधी बीकरमध्ये: सारखेच पॅनल (चाचणीचे पत्रे), सारखीच जाडी, सारखंच पॅसिव्हेशन, अर्ध्यांना चुंबक आणि अर्ध्यांना नाही. स्टीलसाठी पल्सची चाचणीही अशीच घ्या. सगळे पॅनल एकाच साल्ट स्प्रे चेंबरमध्ये, ५ टक्के मीठ, ३५ अंश. पांढरा गंज आणि मूळ धातूचा गंज यांचे तास वेगवेगळे लिहा.